फसफसली नाही ती धूळ

बशीतली धूळ फसफसली नाही, तेव्हा मला वाटलं, बाटलीतलं ॲसिडच शिळं झालंय.

माझं काम म्हणजे बायका घरी फुकट करतात तेच, पुसणं. वीज उपकेंद्राच्या गच्चीवर चिनीमातीच्या तबकड्यांची एक माळ टांगलेली आहे. मनोऱ्यांवर तारा अशाच माळांना लटकतात. रोज मी ती ओल्या कापसाने पुसते, कापूस शुद्ध पाण्यात पिळते आणि त्या पाण्यातून वीज किती वाहते ते मीटरवर बघून लिहिते. आकडा जितका मोठा, तितकी तबकड्यांवरच्या मळातून वीज निसटण्याची भीती. ॲसिडचा थेंब ही माझी स्वतःची हौस. वाळवंटाकडून येणाऱ्या धुळीत चुनखडी असते आणि ॲसिड पडलं की ती फसफसते, असं एका जुन्या मासिकात वाचलं होतं. तेव्हापासून रोज बशीत चिमूटभर धूळ घ्यायची, थेंब टाकायचा. तेवढीच करमणूक.

दुसरा थेंब टाकला. धूळ ढिम्म. मग खडूच्या तुकड्यावर टाकला, तर खडू लगेच फसफसला. म्हणजे ॲसिड ताजं होतं. धुळीतली चुनखडीच कुणीतरी आधी खाऊन टाकली होती.

तीन दिवस वारा कारखान्यांचा धूर समुद्रावर नेत होता आणि परत आणत होता. धुरातलं ॲसिड मिठाच्या कणांना भेटलं की मिठातून दुसरं ॲसिड सुटतं. ते चुनखडीला धरतं आणि मागे उरतो एक क्षार, जो कोरड्या हवेतूनही पाणी पितो. तबकडीवर बोट टेकवलं. भर उन्हात चिकट, पोराने चाटून ठेवल्यासारखी. मीटरचा आकडा रोजच्या नऊपट.

आणि समुद्राकाठच्या मनोऱ्यावर माझा दीर चढला होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो दुसरीत होता, मोज्याचं भोक लपवायला एका पायावर उभा राहायचा. तेव्हापासून तो बगळा. आता चालू तारेवरच्या तबकड्या लांब फायबरच्या काठीला ब्रश लावून झाडतो. काठीतून वीज येत नाही. काठी कोरडी असली तर.

फोन लावला. वाजतच राहिला. चढताना फोन गाडीत ठेवायचा, असा नियम. मी साहेबांच्या खोलीत घुसले.

"साहेब, समुद्राकडची लाईन बंद करायला सांगा. बगळा वर आहे."

"बाई, हवेत आर्द्रता अडतीस टक्के. साठपर्यंत काम चालतं. तुमच्या बशीवरून अर्धं शहर बंद पाडू? लोक माझ्या नावाने खडे फोडतील."

"साठ रोजच्या धुळीला. ही अडतीसलाच ओली झालीय. खिडकीची कड पुसून बघा."

त्यांनी बोट फिरवलं. पँटला पुसलं. पुन्हा पुसलं. बोट काही कोरडं होईना.

"काठ्या कुठे असतात?"

"गाडीच्या टपावर. उघड्या. तीन दिवस."

त्यांनी फोन उचलला. कंट्रोलरूमने कारण विचारलं, मग हुद्दा, मग पुन्हा कारण. साहेब घसा खाकरून म्हणाले, "माझ्या जबाबदारीवर." एरवी हा माणूस चहासुद्धा दुसऱ्याच्या जबाबदारीवर पितो.

डोक्यावरचा पंखा थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की साहेबांचं घड्याळ ऐकू आलं. अकरा मिनिटं मी हातातल्या फोनकडे बघत उभी होते.

वाजला.

"वहिनी, लाईन कुणी पाडली? चांगला हात बसला होता. म्हटलं खाली उतरून विचारावं."

"मी पाडली. काठी लावली होतीस?"

"एक माळ झाली. दुसरीला लावणार, तेवढ्यात..." तो थांबला. "पहिलीला हातांना मुंग्या येत होत्या. म्हटलं, वय झालं."

"गाढवा, वय माझं झालंय."

तो हसला नाही. माझ्या शिव्यांना तो नेहमी हसतो.

"वहिनी, काठीवर एक काळी रेघ उमटलीय. जळल्यासारखी. ब्रशापासून खाली आलीय. मी धरतो तिथून वीतभर वर थांबलीय."

मी साहेबांना हाताने खुणावलं, लाईन चालू करू नका.

"तुझा जोडीदार?"

"वरच आहे. लाईन कधी येते, विचारतोय."

"त्याला उतरव. आत्ता. ओरडून."

तो ओरडत होता ते फोनमधून ऐकू येत होतं. वाऱ्यात निम्मं उडून जात होतं. आणि इकडे साहेब दुसऱ्या फोनवर कुणालातरी सांगत होते, नाही, अजून नाही, अजून चालू करू नका.