पूर्ण वाचलं, घाबरलो

इतवाऱ्यातल्या सार्वजनिक वाचनालयात दर रविवारी दुपारी चारला भयकथा मंडळ बसायचं, आणि त्या मंडळात श्रीकांत मास्तरांइतका निधड्या छातीचा माणूस दुसरा नव्हता. निदान चिठ्ठ्यांवरून तरी. मंडळाची रीत अशी, की ज्याला पुस्तकाची शिफारस करायची असेल त्याने मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘पूर्ण वाचलं, घाबरलो’ असं लिहून खाली सही ठोकायची. मास्तरांच्या अशा एकेचाळीस सह्या होत्या.

त्यातलं एकही पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं. जन्मभर गणित शिकवलेला हा माणूस भुताच्या गोष्टीला असा टरकायचा, की पहिलं पान वाचून सरळ शेवटचं उघडायचा, कोण मेलं ते बघायचा आणि पुस्तक मिटायचा. मधली पानं तो मंडळात बसून स्वतःच रचायचा. शेजारच्या पॉवरलूमच्या खटखटाटावर आवाज चढवून अशी काही रंगवायचा, की ऐकता ऐकता वाती वळणाऱ्या रंभाबाईंच्या हातातली वात अर्धी वळलेली तशीच राहायची. बायको गेल्यापासून मास्तरांचे रविवार फार लांब झाले होते. या खुर्चीत बसलं की ते जरा आखूड व्हायचे. ही खुर्ची जाऊ नये, एवढंच त्यांचं आता मागणं होतं.

अशात देडतलाईहून रद्दीच्या पोत्यातून एक जाड काळं पुस्तक आलं. ना लेखकाचं नाव, ना छापखान्याचं. ग्रंथपाल सुलभाताईंच्या टेबलाशी उभ्याउभ्याच मास्तरांनी पहिलं पान वाचलं: एक बोथट कोयता, आणि त्याला धार लावायला बसलेला, वर्षाच्या बोलीवर राबणारा एक सालदार. शेवटचं वाचलं: तोच कोयता, एक घाव, मान. मास्तरांनी सही केली आणि घरी गेले. त्या दिवसापासून त्यांची मान धरली. उशी बदलून झाली, तिळाचं तेल चोळून झालं, पण मानेवरचा निळा वळ काही जाईना.

शेवटी मान उडते, असं मास्तरांनी मंडळात रंगवून सांगितलं, आणि त्यांच्या शिफारशीवर ते पुस्तक नेलं जसोंडीच्या योगेंद्रने. हा केळीवाला गडी असा, की घड खांद्यावर झेलता झेलता दुसऱ्या हाताने कोयता मारायचा. दोन आठवड्यांनी तो मंडळात आला तेव्हा डाव्या हाताला धोतराची पट्टी होती, उजवा कान अर्धाच होता आणि समोरच्या दाताच्या जागी भोक होतं. काखेत ते पुस्तक.

“मास्तर,” तो खुर्चीवर टेकत म्हणाला, “बाविसाव्या पानावर गोष्टीतल्या मुकादमाची करंगळी गेली, तं माझी बी गेली. अठ्ठावन्नला कान. पंच्याऐंशीला दात. आता एकशे चाळीसवर आलो आहे.”

“केळी कापताना लागलं असेल रे,” रंभाबाई म्हणाल्या.

“काकी, कोयता भिंतीला टांगेल होता अन् मी वरण-भात खाऊ राहिलो होतो.”

“मग फेकून द्यायचं ना, भैया,” कॉलेजातली तेजस्विनी म्हणाली. 

“तापीत फेकलं. घरी आलो तं पलंगावर, कोरडं ठणठणीत. चुलीत घातलं तं चूल विझली. उघडत नाही म्हटलं तं आपोआप पानं पलटतात, अन् डोळे मिटले तं पापण्या ओढून वाचायला लावतं.” 

सुलभाताईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. शिफारशीवर नेलेलं पुस्तक अर्धवट परत घेतलं जाणार नाही. शिफारस करणाऱ्याने शिफारस मागे घेतल्यास ते त्याच्या नावावर होईल. “लोक चार पानं चाळून आणून टाकायचे, म्हणून मीच केला होता हा नियम. आत्ता तू आलास तसं रजिस्टरातलं तुझं नाव खोडून बघितलं. शाईच बसत नाही कागदावर.”

“मला परत नाहीच करायचं, ताई. मास्तरांनी पूर्ण वाचेल आहे ना.” योगेंद्र मास्तरांकडे वळला. “तुमची करंगळी आहे, कान आहे, मान बी जागेवर आहे. तुम्ही कसे सुटले, तेवढंच सांगा.”

“हो सर, बता दो ना,” तेजस्विनी म्हणाली. “याच्या गळ्याचा सवाल आहे.”

खरं सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं. पण खुर्चीची ओढ वाईट. “त्याचं असंय,” ते खाकरून म्हणाले, “एकशे चाळीसव्या पानावर तो मुकादम एक मंत्र म्हणतो...”

पुस्तकाने फडकन पान उलटलं. हवेत काहीतरी लकाकलं आणि योगेंद्रचा हात मनगटापासून कोपरापर्यंत उलगडला. मधोमध ठेवलेल्या मावा जिलेबीच्या पुड्यावर रक्ताची चिळकांडी उडाली. योगेंद्रने हात पोटाशी धरला.

“मंत्र नव्हता, मास्तर. तिथे हात होता.”

रंभाबाईंनी कापसाचा अख्खा गोळा त्या जखमेत कोंबला.

“मी वाचलं नाही,” मास्तर म्हणाले. “हेच नाही, आधीचंही एकही नाही. मला भीती वाटते.”

“अगं बाई,” रंभाबाई म्हणाल्या. “तुमच्या गोष्टीला भिऊन मी तीन महिने न्हाणीघराला आतून कडी लावली नाही.”

सुलभाताईंनी पेन पुढे सरकवलं. मास्तरांनी चिठ्ठीवरची आपली सही खोडली. या वेळी शाई बसली. ताईंनी रजिस्टरात नाव बदललं, शिक्का मारला, आणि ते पुस्तक योगेंद्रच्या मांडीवरून उडी मारून मास्तरांच्या मांडीवर येऊन आदळलं.

“मोठ्याने वाचा,” ताई म्हणाल्या. “मंडळाची वेळ आहे.”

मास्तरांनी वाचायला घेतलं. बाविसाव्या पानाला कोयता बोथटच होता; करंगळी तुटायला तीन घाव लागले. तिसऱ्या घावाला ती सुटली आणि टेबलावरून घरंगळत जिलेबीपाशी जाऊन थांबली. मास्तर कळवळले, पण पान उलटलं. गोष्टीतला सालदार दर दहा-बारा पानांनी दगडावर पाणी शिंपडून बसायचा आणि धार वाढत जायची. अठ्ठावन्नला कान दोन घावांत गेला. पंच्याऐंशीला दात एकाच फटक्यात उडाला आणि समोरच्या कपाटाच्या काचेत रुतला. रंभाबाई जिथे रक्त दिसेल तिथे वाती खुपसत होत्या. मास्तरांचं डोकं आता समईसारखं दिसायला लागलं होतं.

“मधला भाग जरा खेचलाय,” तेजस्विनी म्हणाली.

“खेचलाय कसला? एकशे चाळीस येऊ दे,” योगेंद्र म्हणाला. त्याच्या तोंडावर प्रथमच रंग आला होता.

एकशे चाळीसला मास्तरांचा हात उलगडला तो त्यांना कळलासुद्धा नाही, इतकी धार झाली होती. त्यांचे दात वाजत होते, सदरा भिजला होता, आणि तरी त्या सालदाराचं मुकादमाशी काय वैर आहे ते कळल्याशिवाय राहवतही नव्हतं. दोनशे दहाव्या पानावर ते कळलं, तेव्हा मास्तर स्वतःच म्हणाले, “बरोबर आहे त्याचं.” लगेच त्या पानाने त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या.

शेवटचं पान आलं. मास्तरांनी एकदा खुर्चीचा हात चाचपला, योगेंद्रकडे बघितलं आणि वाचलं: कोयता, एक घाव, मान. रंभाबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला. 

काही झालं नाही. हवेत ते लकाकतं पातं मास्तरांच्या मानेशी येऊन नुसतं थरथरत राहिलं, दार बंद दिसल्यावर पाहुणा उभा राहावा तसं.

“मास्तर,” सुलभाताई हळूच म्हणाल्या, “हे पान तुम्ही माझ्या टेबलाशी उभं राहून वाचलं होतं. तेव्हा धार कुठे लावली होती त्याला?”

मास्तरांनी मानेवरच्या निळ्या वळावर हात ठेवला. शेवटचा घाव त्यांनी पहिल्याच दिवशी खाल्ला होता, बोथट कोयत्याचा, आणि एका पानाला दोन घाव घालायची त्या पुस्तकाची रीत नसावी. पातं विरलं. पुस्तक चिडून थाडकन मिटलं, जाता जाता मास्तरांचं नाक चेंगरून.

योगेंद्रने आपली मान इकडून तिकडे फिरवून पाहिली. “मास्तर, चला. गाडीवर घेऊन जातो दवाखान्यात. मला बी टाके घालायचेच आहेत.”

मास्तर उठले. आपली टोपी उचलली, करंगळी रुमालात बांधली आणि खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, पुन्हा बसायचं नसलेल्या माणसासारखी.

“कुठे निघालात?” ताई म्हणाल्या. “चिठ्ठी राहिली.”

नऊ बोटांनी पेन धरायला मास्तरांना वेळ लागला. खोडलेल्या सहीखाली त्यांनी लिहिलं: ‘पूर्ण वाचलं, घाबरलो. शेवटचं पान आधी वाचावं.’ सही केली. ताईंनी ओलावा टिपला, त्यात शाई किती आणि रक्त किती ते बघितलं नाही, आणि मास्तरांची खुर्ची पुन्हा बाहेर ओढून ठेवली.

“पुढच्या रविवारपर्यंत हे कोणाच्या नावावर लिहू?”

रंभाबाईंनी पदराला बोटं पुसली, पुस्तक पुढे ओढलं, शेवटचं पान उघडून ओठ हलवत वाचलं. 

“आई गं, मान धरली,” त्या समाधानाने म्हणाल्या, आणि पुस्तक वातींच्या पिशवीत घातलं.