मला न दिसलेली एक्केचाळीस मुलं

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. डोळ्यांना न दिसणारं दाखवणं हे माझं काम. आयुष्यभर ते मी इमानानं केलं, पण एकदा माझ्याकडून फार मोठी चूक झाली. ती नेमकी कुणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हीच ऐका.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा पाय, पितळेचे दाते आणि फिरत्या चकतीवर बसवलेली तीन भिंगं. ब्याण्णव साली लाकडी पेटीत, भुशात बसून मी औरंगाबादला आलो. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. औरंगपुऱ्याच्या गर्दीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक कॉलेज आहे, तिथल्या प्राणिशास्त्र विभागात माझं घर झालं.

तिथं बद्रीनाथ नावाचे परिचर होते. मुलं त्यांना बद्रीमामा म्हणत. मामा रोज संध्याकाळी मऊ सुती कापडानं माझी भिंगं पुसत आणि कपाटात ठेवताना माझ्या पायाशी निळ्या दाण्यांची पुरचुंडी ठेवत. ते दाणे हवेतला ओलावा शोषून गुलाबी होत. मग मामा ते तव्यावर भाजून पुन्हा निळे करत. कुणी भिंगाला बोट लावलं तर ते ओरडत नसत. फक्त म्हणत, "स्वतःच्या डोळ्यात घालशील का हे बोट?" सत्तावीस वर्षांत हजारो मुलांनी माझ्यातून बेडकाचं रक्त पाहिलं, डबक्याच्या पाण्यातले जीव पाहिले. बाहेरचे परीक्षक येत आणि म्हणत, इतका जुना असून किती स्वच्छ दाखवतो. मला त्याचा अभिमान वाटे.

एकोणीस साली मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पुढच्याच वर्षी करोनाची साथ आली आणि कॉलेजला कुलूप लागलं. मी दोन पावसाळे बंद कपाटात काढले. कपाटामागच्या भिंतीत पाणी मुरत होतं. माझ्या पायाजवळचे दाणे कधीच गुलाबी होऊन गेले होते. एके दिवशी मला माझ्या मोठ्या भिंगाच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं जाणवलं. कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, पांढरट. ते रोज थोडं थोडं पसरत होतं. मला वाचा असती तर मी हाका मारल्या असत्या.

बावीस साली कपाट उघडलं ते करुणानं.

करुणा मुकुंदवाडीची. वडील वाळूजच्या एका कारखान्यात कामाला, आई शिवणकाम करणारी. संशोधनापर्यंत पोचलेली घरातली ती पहिलीच. तिचा विषय होता मुलांच्या पोटातले कृमी. त्यातला एक कृमी फार लबाड असतो, त्याला अंकुशकृमी म्हणतात. तो अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतो, आतड्याला चिकटतो आणि गुपचूप रक्त पितो. त्याची अंडी शौचाच्या नमुन्यात सापडतात, पण ती काचेसारखी पारदर्शक असतात. ती पाहायला भिंग निर्मळ लागतं.

दौलताबादजवळच्या एका वस्तीतली दोनशे बारा मुलं तिनं तपासायची ठरवली. पण शौचाचे नमुने मागायचे म्हटल्यावर बायका दारं लावून घेत. तेव्हा गोजरबाई तिच्या मदतीला आल्या. शेतात खुरपणी करणारी साठीची बाई. एका भीमजयंतीला करुणाचं भाषण त्यांनी ऐकलं होतं. त्या करुणाला घेऊन घरोघर फिरल्या. आपली पोरगी डॉक्टर होतेय, लाजायचं काय त्यात, डब्या भरून द्या, असं सांगत त्यांनी दोनशे बारा डब्या जमवल्या. पहिली डबी त्यांच्या नातीची, विशाखाची होती. विशाखा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि शाळेत पळण्याच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असायची.

करुणा सकाळी नऊपासून अंधार पडेपर्यंत माझ्यासमोर बसे. साध्या गोल जंतांची अंडी जाड सालीची आणि तपकिरी असतात, ती मी दाखवली. पारदर्शक अंडी माझ्या आतल्या जाळ्यात विरघळून जात. ती माझ्याखालीच असत, आणि मी ती दाखवू शकत नसे. एकदा ती थबकली. डोळे चोळले, ओढणीच्या टोकानं माझी वरची काच पुसली आणि पुन्हा पाहिलं. मग ती विश्वजीत सरांकडे गेली. सर तिचे मार्गदर्शक. माणूस वाईट नव्हता, पण चार वर्गांचं काम एकट्यावर होतं. त्यांनी घाईत एकदा माझ्यात डोकावून पाहिलं आणि सांगितलं, की यंत्र जुनं आहे, थोडं धूसर दिसणारच, नव्याची मागणी पाठवली आहे, तोवर चालू दे.

तिनं चालू दिलं. पुढच्या मार्चमध्ये शोधनिबंध छापून आला. त्यात एक तक्ता होता आणि त्यात लिहिलं होतं: अंकुशकृमी, शून्य. करुणानं पेढे वाटले. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. फोटोत तिच्यामागे मीही होतो.

मित्रांनो, छापलेला कागद आपण जाऊ तिथवरच जातो असं नाही. जंताच्या गोळ्यांची जादा शिबिरं भरवणारी एक संस्था होती. तिथल्या लोकांनी तो तक्ता वाचला आणि त्या वस्तीतलं शिबिर दुसऱ्या गावी हलवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. शून्य असेल तिथं कोण कशाला जाईल?

ऑक्टोबरात एका दुपारी गोजरबाई प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी पदराच्या गाठीतून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. करुणाच्याच हातची चिठ्ठी होती ती. विशाखाचं नाव, आणि खाली 'अंकुशकृमी आढळला नाही.'

"बाई, माझ्या नातीला रक्त चढवलंय परवा," त्या म्हणाल्या. "वर्षभर पोरगी पांढरीफटक पडत चालली. मी म्हणले, तपासलंय की आपल्या पोरीनं, किडे नाय पोटात. म्हणून दुसरंच औषध करत बसले. आता दवाखान्यातले डॉक्टर म्हणतेत, रक्त पिणारे किडे हायत, अन् लई दिवसाचे हायत. मंग खरं कोणाचं?"

एरवी तिला पोरी म्हणणाऱ्या गोजरबाई त्या दिवशी तिला बाई म्हणाल्या. करुणाच्या ते लक्षात आलं. तिचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला.

"मला माहीत नाही, आजी," ती म्हणाली. "चार दिवस द्या. खरं काय ते मी स्वतः येऊन सांगते."

नमुने तिनं औषधात घालून बाटल्यांत जपून ठेवले होते. वनस्पतिशास्त्र विभागातून तिनं एक सूक्ष्मदर्शक मागून आणला आणि माझ्या शेजारी ठेवला. तरुण होता तो, पांढरा, चकचकीत. विशाखाच्या नमुन्याची काचपट्टी तिनं आधी माझ्याखाली ठेवली. काही नाही. मग तीच पट्टी त्याच्याखाली ठेवली. ती बराच वेळ हलली नाही. मग हळू आवाजात मोजू लागली. अकरा अंडी होती.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत वाईट क्षण. अकरा अंडी माझ्या डोळ्याखालून गेली होती.

चार दिवसांत तिनं सगळ्या बाटल्या पुन्हा तपासल्या. दोनशे बारापैकी एक्केचाळीस मुलांच्या पोटात अंकुशकृमी होता. तिनं बद्रीमामांना फोन केला. मामा लगेच आले. त्यांनी माझं मोठं भिंग काढलं आणि बॅटरीच्या उजेडात तिरकं धरलं.

"बुरशी हाय, बाई. तीन वर्साचं जाळं हाय हे." मग ते म्हणाले, "एक फोन करायचा होता मला. इथं औरंगपुऱ्यातच तर राहतो मी."

करुणाला फोन करायचं सुचलंच नव्हतं. दिसलं नाही म्हणजे नाही, असं ती धरून चालली होती.

विश्वजीत सरांनी तिला समजावलं. पीएच.डी.चा प्रबंध द्यायला दोनच महिने उरले होते. जुना निबंध राहू दे, नवा लिहू, असं त्यांचं म्हणणं. आपण खोटं काही लिहिलं नाही, जसं दिसलं तसं लिहिलं.

"सर, नवा छापून यायला वर्ष जाईल," करुणा म्हणाली. "शिबिर त्या जुन्यावर अडलंय. आणि दिसत नव्हतं, हे आपण कुठं लिहिलं?"

सर दोन दिवस विभागात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी निबंध मागे घेण्याच्या पत्रावर सही केली. "तू मला सांगितलं होतंस," एवढंच ते म्हणाले. सहा आठवड्यांनी त्या निबंधाच्या इंटरनेटवरच्या प्रत्येक पानावर लाल अक्षरं आली: मागे घेतला. करुणाचा प्रबंध दीड वर्ष लांबला. एका कॉलेजातली नोकरी जवळजवळ ठरली होती, ती पदवीअभावी गेली. लोकांनी नको ते बोलून घेतलं.

पण ती त्या लाल अक्षरांसाठी थांबली नव्हती. मोजणी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती वस्तीवर गेली. तिथं काय झालं ते ती मामांना सांगत असताना मी ऐकलं. विहाराच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. तिनं एक्केचाळीस नावं वाचून दाखवली आणि 'चूक माझी आहे' असं सांगितलं. एक बाई मुलाला उचलून निघून गेली. दुसरी म्हणाली, शिकलेल्यांच्या कागदापायी आमची लेकरं वाळली. सगळ्या गेल्यावर गोजरबाईंनी गोळ्या कधी मिळतील ते विचारलं. मग म्हणाल्या, "चूक सांगायला तू पायानं आलीस, हे ध्यानात ठेवीन. बाकीचं बी ध्यानात राहील."

पंधरा दिवसांत शिबिर झालं. विशाखा बरी झाली, पण तिचं वर्ष गेलं. तिच्या वर्गातली मुलं पुढं गेली आणि ती मागच्या मुलांत बसली. आता ती शर्यतीत उतरत नाही, असं ऐकतो. दम लागतो म्हणून की मन लागत नाही म्हणून, ते मला ठाऊक नाही.

मी आता अडगळीच्या खोलीत, एका लोखंडी कपाटावर आहे. माझं भिंग दुरुस्त होण्यापलीकडे गेलं. करुणा यंदा डॉक्टर झाली. परवा काही सामान शोधायला आली तेव्हा फोनवर कुणाशी तरी बोलत होती. परदेशातल्या एका नव्या निबंधात त्या वस्तीचा आकडा अजून शून्यच छापला आहे म्हणे. लाल अक्षरं त्यांनी पाहिलीच नाहीत. असे तीन निबंध तिला सापडले आहेत. ती प्रत्येकाला पत्र लिहिते. एकाचं उत्तर आलं.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला कोरडं ठेवा, झाकून ठेवा, आणि त्याची काळजी घेणारं माणूस गेलं तर त्याचा नंबर लिहून घ्या. आम्ही बिघडतो तेव्हा आवाज करत नाही. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, काही शोधाल, ते छापाल. छापलेलं पुसता येत नाही. पण चुकलं असंही छापता येतं, आणि ते लवकर छापावं. पहिल्या डबीपासून चूक सांगेपर्यंत आम्हाला चौदा महिने लागले. ते सगळे विशाखाच्या अंगावरून गेले.