पायरी चौथी : पतीचे नाव

स्वरूपाला ती नोकरी हवी म्हणजे हवीच होती. बी.सी.ए. झाली, लग्न करून कोऱ्हाळे बुद्रुकला आली आणि दोन वर्षं भावकीतल्या सगळ्यांचे मोबाईल नीट करून देत बसली. कुणाचा आवाज गेलेला, कुणाचा पासवर्ड. सगळं फुकट! आता कुठं बारामतीच्या एका महिला दूध संघानं तिला आणि आणखी दोघींना 'महिनाभर बघू' म्हणून घेतलं होतं.

संघाचं नवं अ‍ॅप आलं होतं. सभासद बायांनी त्यात आपली नोंदणी आपणच कशी करायची, ते शिकवणारा व्हिडिओ करायचा होता. मोबाईलच्या पडद्यावर बोट कुठं-कुठं जातं ते रेकॉर्ड करायचं आणि सोबत बोलत जायचं, पायरी पहिली, पायरी दुसरी. जिचा व्हिडिओ आठ दिवसांत जास्त वेळा बघितला जाईल ती कायम. बाकी दोघींना नमस्कार.

स्वरूपाचा पहिला व्हिडिओ गावात एकाही बाईनं शेवटपर्यंत बघितला नाही. "लई शिकल्यावानी बोलतीय," म्हणून शेजारच्या रंगूबाईंनी तो मध्येच बंद केला. मग स्वरूपानं डोकं लढवलं आणि सासूलाच पुढं बसवलं. बनाबाईंनी केलं की गाव करतं, हे तिला माहीत होतं. टाइप करायची कटकटही नको. माईकचं चित्र दाबायचं, बोलायचं, अक्षरं आपली उमटतात.

पहिल्या तीन पायऱ्या झकास झाल्या. नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हशी किती म्हटल्यावर बनाबाई म्हणाल्या, "दोन. एक भाकड हाय, पर हाय." पडद्यावरच्या पेटीत जसंच्या तसं उमटलं.

"आत्या, पायरी चौथी. आता आबांचं नाव सांगा."

बनाबाई पदर सारखा करून भिंतीकडं बघायला लागल्या. "तू सांग."

"मी? सासऱ्यांचं नाव?"

"मग मी घिऊ व्हय नवऱ्याचं नाव? असं कोरडंच?"

रेकॉर्डिंग चालूच होतं. बाहेर ओट्यावर खुद्द आबा, म्हणजे गेणबा, तंबाखू मळत बसले होते. त्यांना राहवेना. "आगं, मीच सांगतो की! माझंच तर नाव हाय!"

"तुमी गप बसा!" बनाबाई कडाडल्या. "उद्या समद्या बाया नवऱ्याला वडत आणत्याल हितं!"

आता काय करता? संध्याकाळी पाचच्या आत व्हिडिओ पाठवायचा होता आणि साडेचार वाजून गेले होते. स्वरूपा रडकुंडीला आली. तिचं तोंड बघून बनाबाईंना दया आली असावी. त्यांनी घसा खाकरला, मोबाईल तोंडाजवळ धरला आणि म्हणाल्या:

"म्हशीच्या दुधाला फॅट लागली सात, गेणबारावांचं नाव घेते, मोबाईलवर ठेवून हात!"

सगळाच्या सगळा उखाणा 'पतीचे नाव' या पेटीत जाऊन बसला. शेजारी हिरवी खूण आली. त्या अ‍ॅपला काय कळतंय, डोंबल! स्वरूपानं आबांचं आणि भांडणाचं कापलं, डोळे मिटले आणि व्हिडिओ पाठवून दिला.

मग गावानं जे केलं ते काय सांगावं! साठ सभासद बायांनी पायरीनं पायरी तसंच केलं. सिंधुबाईंनी द्राक्षाच्या घडात नाव घेतलं. रंगूबाईंनी तर एवढं लांबवलं, की पेटी भरून गेली आणि नवरा बाहेरच राहिला. स्वरूपानं कपाळाला हात लावला. नोकरी गेलीच म्हणायची!

आठव्या दिवशी संघाच्या विजयमाला मॅडमचा फोन आला.

"अहो, हे काय कविसंमेलन भरवलंय?" त्या म्हणाल्या. "ते राहू दे, आम्ही निस्तरू. बाकी दोघींच्या गावांत बायांनी ती पेटी कोरीच ठेवलीय. त्यांचे व्हिडिओ चाळीस अन् त्रेपन्न वेळा बघितले गेलेत. तुमचा सहाशे चौदा! इंदापूर तालुकासुद्धा तुम्हीच घ्या."

स्वरूपा फोन ठेवून उड्या मारत स्वयंपाकघरात गेली. बनाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. आणि तेवढ्यात गोठ्यातून बनाबाईंचाच आवाज आला. "गेणबारावांचं नाव घेते..." थांबला. पुन्हा आला, "गेणबारावांचं नाव घेते..."

स्वरूपानं जाऊन बघितलं. आबा गव्हाणीच्या कडेला बसले होते. मोबाईल कानाला. तेवढं ऐकून झालं की बोटानं व्हिडिओ मागं ओढायचे.

"आबा! किती वेळा बघितला हा?"

"मोजलं न्हाय बा. धार काढताना, वैरण टाकताना. बेचाळीस वर्सं 'आवो' अन् 'ऐकलं का'वरच चाललंय. लग्नात एकदा घेतलं व्हतं नाव, तर वाजंत्र्यात ऐकूच आलं न्हाय."

स्वरूपाचा चेहरा पडला. म्हणजे ते सहाशे आबांनीच बघितलेले की! खोट्यावर नोकरी घ्यायची, हे काही तिच्या मनाला पटेना. तिनं तिथूनच मॅडमना फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना येते का हो आता नोंदणी?"

स्वरूपानं फोन आबांच्याच हातात दिला आणि त्यांनी पहिल्या पायरीपासून घडाघडा म्हणून दाखवलं. निळं बटण कुठं, माईक कुठं, हिरवी खूण कधी. एक अक्षर चुकलं नाही.

"तीन व्हिडिओ काढले," मॅडम हसत म्हणाल्या, "त्यातून सगळं नीट शिकलेला हा एकच माणूस, अन् तो सभासदच नाही! स्वरूपाताई, उद्यापासून कामावर या."

स्वरूपानं मागं वळून बघितलं. पिठाचे हात तसेच घेऊन बनाबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या सुनेकडं नाही, नवऱ्याकडं बघत होत्या.

"येवढं ऐकायचं व्हतं," त्या म्हणाल्या, "तर मला म्हणायचं. मी काय लांब ऱ्हाती व्हय?"