मागच्या रांगेतली नळी

परीक्षानळीतलं द्रावण पिवळं होऊ लागलं की बाजूने बघणाऱ्याला ते उशिरा कळतं. नळी डोळ्याखाली उभी धरून वरून तळापर्यंत बघितलं तर रंग आधी दिसतो. सुलक्षणा नेहमी वरून बघायची.

आत्ता तिच्या हातातल्या नळीत मालनच्या फ्लास्कमधले जिवाणू होते. अंधेरीच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत दोघी जणी जिवाणूंकडून माणसाच्या शरीरातलं एक प्रथिन बनवून घेत. बेचाळीस अंशांच्या पाण्यात फ्लास्क ठेवला की जिवाणू कामाला लागत. पण परकं प्रथिन आणि वर ही उष्णता त्यांना फार वेळ झेपत नसे. त्यांना किती त्रास होतोय हे कळावं म्हणून सुलक्षणाने त्यांच्यात एक जनुक बसवलं होतं. त्रास वाढला की नळी पिवळी. मग ती ओरडायची, "मालन, उतरव गं!" आणि मालन फ्लास्क गार पाण्यात ठेवायची.

दिवाळीपासून मात्र दोघींना माहीत होतं, कंपनी आता एकीलाच ठेवणार. कोणाला, ते प्रयोगशाळेच्या प्रमुख क्षमा मॅडम सांगत नव्हत्या. "बघू या, कोण जास्त प्रथिन काढतंय," एवढंच हसून म्हणायच्या. दोघींच्या डबा खायच्या वेळाही त्यांनी वेगळ्या करून टाकल्या होत्या. मालनच्या वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती. दहिसरचं सगळं घर तिच्या पगारावर होतं. सुलक्षणाच्या आईने जोगेश्वरीत एक स्थळ धरून ठेवलं होतं. नोकरी गेली की लग्न, मग नाटकं चालणार नाहीत, असं बजावलं होतं.

आजचे फ्लास्क या चढाओढीतले शेवटचे होते.

"काय गं, रडतायत का माझे?" मालनने पाठमोरीच विचारलं.

"नाही. मजेत आहेत."

"बघ! तू उगाच लाड करतेस त्यांचे. थोडा सासुरवास हवाच. आज तुझी वाट लावते की नाही बघ."

"लाव ना," सुलक्षणा म्हणाली.

नळी आता बाजूनेही पिवळी दिसत होती. तिने ती स्टँडच्या मागच्या रांगेत ठेवली आणि आपला फ्लास्क गार पाण्यात उतरवला.

मालनने आपला फ्लास्क उचलला तेव्हा आतला गढूळपणा विरला होता. हलवल्यावर द्रव शेंबडासारखा ताणला जात होता. पेशी फुटल्या होत्या, प्रथिन वाया गेलं होतं.

"सुले," ती म्हणाली, "तू म्हणालीस ना गं, मजेत आहेत?"

मालन फ्लास्क घेऊन बेसिनशी गेली आणि नळ पूर्ण सोडून तिकडेच तोंड करून उभी राहिली.

क्षमा मॅडम आत आल्या. त्यांनी बेसिनकडे पाहिलं, मग सरळ स्टँडशी येऊन मागच्या रांगेतली नळी काढली. वरून बघायची गरजच नव्हती.

"कधीची आहे ही?"

"आत्ताचीच, मॅडम."

"खोटं बोलताना आवाज जरासुद्धा हलत नाही तुझा. छान." त्यांनी नळी तिच्या हातात दिली. "दिवाळीपासून माझं काही ठरत नव्हतं. तू ठरवलंस. आता तूच सांग तिला."

"मी?"

"मग काय मी? मोठ्याने सांग. नळ चालू आहे."

सुलक्षणाने नळी स्टँडमध्ये ठेवली, या वेळी पुढच्या रांगेत.

"मालन," ती म्हणाली, "उद्यापासून तू येऊ नकोस."