चिटणिसांचे केस

चिटणिसांच्या घरातल्या पुरुषांचे केस पंचविशीच्या आत पांढरे होत, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! ज्याचं डोकं चालतं त्याचेच केस पिकतात, असं ते चारचौघांत सांगत. आजोबा बासष्टाव्या वर्षी दम लागून गेले, शरयूचा नवरा भालचंद्र फुफ्फुसं आकसून एकोणपन्नासाव्या वर्षी गेला, तरी त्या केसांवर कुणी संशय घेतला नाही. पुरुषांच्या डोक्यावर ते घराण्याचं तेज. मुलीच्या डोक्यावर तेच उगवलं की मात्र लपवायची गोष्ट.

शरयूची मुलगी अंतरा, तिच्या डोक्यात सोळाव्या वर्षी पहिली पांढरी बट दिसली. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी शरयू दार लावून तिला कलप लावत आली. फूलबागेजवळच्या घरात ती साड्यांना फॉल-पिको करून देई. हात सफाईदार, मुळाशी एक केस पांढरा दिसू द्यायची नाही. ग्वाल्हेरात मराठी घरं ती किती, आणि एकीला कळलं की चौघींना कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

अंतरा सव्वीसची झाली आणि भालचंद्रच्या माघारी ग्वाल्हेरात राहायला आलेल्या मंदाताईंच्या भाच्याचं स्थळ जमत आलं. त्याच उन्हाळ्यात तिच्या धाकट्या भावाच्या, विहंगच्या अंगावर काळेनिळे डाग उठू लागले. तेवीस वर्षांचा मुलगा, पण हाडातला मगज रक्त बनवायचंच विसरला होता. दिल्लीचे डॉक्टर दौलतसिंह दर गुरुवारी सिटी सेंटरच्या दवाखान्यात येत. त्यांची वेळ मंदाताईंनी मिळवून दिली आणि सोबतही आल्या. बाई मनाने चांगली, यात शंका नाही. पण त्या दिवशी ती घरी राहिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्याचा मगज देणं हाच उपाय होता, आणि आधीच्या तपासणीत अंतराचा विहंगशी पूर्ण जुळला होता. डॉक्टरांनी विहंगचे पिकलेले केस न्याहाळले आणि तो व अंतरा रक्त द्यायला बाहेर गेल्यावर शरयूला विचारलं, घरात आणखी कुणाचे केस असे लवकर पांढरे झाले? वडिलांचे? बहिणीचे? तसं असेल तर हाच दोष बहिणीतही असू शकतो, जीन्सच्या तपासणीसाठी सहा आठवडे थांबू, नसेल तर लगेच पुढं जाऊ, कारण याचा ताप थांबत नाही.

मंदाताई शेजारच्या खुर्चीत पदर सावरून बसल्या होत्या आणि ऐकत होत्या.

"नाही," शरयू म्हणाली. "याचेच झाले. अभ्यासाच्या काळजीने."

दिल्लीला विहंगला अंतराचा मगज दिला. तो रुजला नाही. चाळीस दिवस वाट पाहिली, आणि तेवढ्यात जंतूंनी छाती धरली. मगज रुजेना तेव्हा जीन्सची तपासणी पाठवली होती, तिचा कागद आला तो त्यानंतर. शरयू आणि अंतराला समोर बसवून डॉक्टरांनी सांगितलं की पेशीत गुणसूत्रांच्या टोकांना सांभाळणारी सहा प्रथिनांची एक टोळी असते, तिचं नाव शेल्टरिन. तुमच्या घराण्यात त्यातलं एक प्रथिन मुळातच बिघडलेलं आहे. त्यामुळं टोकं झिजत जातात आणि पुढच्या पिढीला जन्मतःच आखूड मिळतात, म्हणून दर पिढीत आजार आधी गाठतो. शरयूला ते लगेच समजलं. पिको न केलेली साडी धुण्यागणिक कशी उसवत जाते ते तिनं जन्मभर पाहिलं होतं. हा दोष भालचंद्रकडून विहंगमध्ये आला होता आणि अंतरामध्येही. शरयूचं रक्त निर्दोष निघालं.

अंतरा औषधं आणायला गेल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "आप पहले बता देतीं तो मैं रुकता. आपका आधा मैच भी चल जाता." आता दुसऱ्यांदा तेच सोसण्याची ताकद त्या शरीरात नव्हती. घरी न्या, असं त्यांनी सांगितलं.

परतीच्या गाडीत, विहंग झोपलेला असताना, अंतरानं खिडकीबाहेर पाहत विचारलं, "आई, केसांचं पूछा था ना त्यांनी?"

"विचारलं होतं."

अंतरानं विहंगच्या अंगावरची चादर सारखी केली आणि परत खिडकीबाहेर पाहू लागली. शरयूला वाटत होतं, पोरीनं ओरडावं, चार शिव्या द्याव्यात. ओरडणाऱ्या माणसाला निदान पाणी तरी देता येतं.

घरी आल्यावर आठव्या दिवशी दुपारी विहंगला जरा हुशारी वाटली. त्यानं ताईला जवळ बसवलं; शरयू पायथ्याशी बसली होती. "सॉरी ताई," तो धापा टाकत म्हणाला. "तुझी इतकी हाडं टोचली आणि माझ्या बॉडीनं घेतलंच नाही. सगळं वाया घालवलं मी."

"तुझी गलती नाही रे. माझंच खराब होतं. तुझ्यासारखंच." मग तिनं त्याला कागदावरचं सगळं सांगितलं. केसांचा प्रश्न तेवढा गाळला. आईला तिनं वाचवलं, आणि ते शरयूला चपराक बसल्यासारखं लागलं.

विहंगला स्वतःचं सोडून तिचीच काळजी लागली.

"मग ताईची बारी आली तर तिला कोण देणार?"

"मी देईन की," शरयू घाईनं म्हणाली. काहीतरी धीराचं बोलायला मिळालं, यानंच ती हुरळली होती. "माझं चांगलं आहे. डॉक्टर म्हणाले, आईचं अर्धं जुळलं तरी चालतं."

बोलून गेल्यावर तिला आपलं बोलणं ऐकू आलं.

अंतरानं मान खाली घातली. विहंगनं आईकडं पाहिलं. त्याला कळलं होतं. चिटणिसांचं डोकं ते, चालायचंच. मग मला का नाही दिलंस, हा प्रश्न त्याच्या डोळ्यांत येऊन थांबला. शरयू वाट पाहत राहिली. त्यानं विचारावं आणि आपण सांगावं, एवढीच एक सुटका तिला उरली होती.

"बरं झालं," विहंग म्हणाला, आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.