मशीनला आठवलेला रहमान

चौसष्ट साल असेल. दोह्यातल्या एका तेल कंपनीत नवं कॉम्प्युटर मशीन आलं होतं आणि ते चालवणाऱ्या महमूदला त्याचं भारी नवल वाटायचं. एकशे बारा कामगार त्याच्या पोटात! बिल्ला नंबर, नाव, बाप, गाव, रजा, सगळं. पण वीज बंद केली की खलास, मशीन कोरं. म्हणून संध्याकाळी त्याच्या डोक्यातलं कागदी फितीवर भोकं पाडून उतरवायचं नि सकाळी परत भरवायचं.

"आणि भोकं कुणाला वाचता येतात हो, साहेब? अक्षरांतही उतरवा की," महमूद कंपनीच्या साहेबाच्या मागे लागला होता. नुसता नंबर काय कामाचा? आमच्या कोकणात बाप नि गाव विचारल्याशिवाय माणूस ओळखतात का? साहेब हसला, पण त्याने तसं करून दिलं. फितीबरोबर रोज अक्षरांचे कागदही निघू लागले. तेच कागद बघून पुन्हा टाइप केलं तर मशीनला कळायचंसुद्धा.

एका गुरुवारी सकाळी फीत मशीनच्या दातांत अडकली नि तिच्या चिंध्या झाल्या. संध्याकाळी मुंबईची बोट. मशीनने त्याच दिवशी छापलेल्या यादीशिवाय कंपनी कुणालाच रजेवर सोडत नसे. आणि दारात हर्णैचा रहमान उभा, तीन वर्षांनी घरी निघालेला. त्याची आई अमिना अंथरुणाला खिळली होती.

"महमूदभाय, माझं काय होनार?"

"गप उभा ऱ्हा. इन्शाल्ला जाशील."

महमूद कालचे अक्षरांचे कागद पुढ्यात घेऊन टाइप करत सुटला. दुपार उलटली, बोटं सुजली. कागदावर त्याच्याच घामाचा थेंब पडून रहमान नावाच्या एका ओळीतला नंबर पार फिसकटला. कामगारांत रहमान तर तिघे! पण पुढे स्वच्छ होतं, बाप खलील, गाव हर्णै.

"तुझा बिल्ला दाखव रे!" पितळी बिल्ल्यावरचा नंबर बघून त्याने ओळ पुरी केली.

शेवटची ओळ गेली. मग जी खडखड सुरू झाली! एकामागून एक माणसं रजेसकट कागदावर उतरू लागली. महमूदच्या अंगावर काटा आला. मेलं सकाळी कोरं होतं, आणि आता सगळ्यांना ओळखतंय!

"माझं काय लिवलंय?" रहमानने विचारलं.

"रहमान, बाप खलील, गाव हर्णै. रजा मंजूर."

रहमान मशीनकडे बघतच राहिला. "बाबा दर्यात गेला त्याला सात वर्सं झाली, महमूदभाय. इथं त्याचं नाव कोन घेतं? आनि हा मशीन..."

त्याने हळूच मशीनला सलाम केला.

"यल्ला, पळ आता," महमूद डोळे पुसत म्हणाला. "अम्मी वाट बघतेय."