लाल बूच

सिनेमातली पिस्तुलं खोटी असतात हे शेंबडं पोरही सांगेल. पण नेव्हिओच्या हाताखालून गेलेलं पिस्तूल कुणालाच खोटं वाटायचं नाही, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. रोममध्ये त्या वर्षांत दरोड्याच्या सिनेमांचं नुसतं पीक आलं होतं, आणि हत्यारं हवी असली की लोक नेव्हिओकडे यायचे. कायद्याने प्रत्येक नकली नळीच्या तोंडात लाल बूच लागे. पडद्यावर ते कुंकवाच्या टिकलीसारखं उठून दिसायचं. म्हणून बुटाच्या काळ्या पॉलिशने ते झाकायचं आणि काम संपलं की पुसून टाकायचं, अशी धंद्याची रीत होती.

दुसरी रीत म्हणजे रस्ता चोरणं. परवानग्या काढत बसलं तर नटी म्हातारी होईल, म्हणून कॅमेरा बंद गाडीत लपवायचा, माणसं खऱ्या गर्दीत सोडायची आणि लोकांना काही कळायच्या आत गाशा गुंडाळायचा. फक्त जवळच्या चौकीत आधी सांगून ठेवायचं. वर्तमानपत्रांत रोज खऱ्या गोळीबाराच्या बातम्या येत होत्या, पोलीसही मरत होते, त्यामुळे हे सांगण्याचं काम नेव्हिओ दुसऱ्या कुणावर सोडत नसे. स्वतः जायचा, फौजदाराबरोबर कॉफी प्यायचा आणि मगच पॉलिशची डबी उघडायचा.

त्या सकाळी दिग्दर्शक गाल्लेरानीला ठरलेल्या रस्त्यावरचं ऊन आवडलं नाही. सगळा लवाजमा दोन वस्त्या ओलांडून एका पोस्टासमोर गेला. प्रॉडक्शन सांभाळणाऱ्या पासेरीला नेव्हिओने विचारलं, "इथल्या चौकीत?"

"सांगितलंय रे बाबा. तू आपलं पॉलिश लाव, ऊन चाललंय."

आणि नेव्हिओ पॉलिश लावत बसला. कोपऱ्यापर्यंत जाऊन विचारून आला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही गेला.

त्याचा धाकटा भाऊ दुइलिओ पडण्याचं काम करायचा. जिन्यावरून, छपरावरून, चालत्या मोटारीतून, नेहमी दुसऱ्याचा कोट घालून आणि कॅमेऱ्याला पाठ करून. त्या दिवशी दरोडेखोराचं काम करणारा नट उगवलाच नाही आणि दुइलिओला तोंड दाखवायला मिळणार होतं. पठ्ठ्याने तिथेच गाडीच्या आरशात बघून पुन्हा दाढी केली.

"पोलिसांना माहितीये ना?" पिस्तूल घेताना त्याने विचारलं.

"माहितीये. तू केस विस्कटू नकोस, नवरदेव."

तो पोस्टातून पळत बाहेर आला. समोर सिगारेटी घेऊन एक कोवळा पोलीस दुकानातून निघत होता. तो ओरडला, "थांब, टाक खाली." दुइलिओला वाटलं, गाल्लेरानीने आयत्या वेळी एक पोलीस घातलाय. गाल्लेरानी असं नेहमीच करायचा. दुइलिओ हसला आणि त्याने पिस्तूल त्या पोराच्या छातीवर रोखलं.

रोममध्ये पडद्यावरचं बोलणं आणि गोळ्यांचे आवाज सगळं नंतर भरतात, त्यामुळे शूटिंग चालू असताना दिग्दर्शक खुशाल बोंबलत असतो. "झकास," गाल्लेरानी गाडीतून ओरडला, "पड आता, सावकाश पड." नेव्हिओ तेव्हा बार ऐकून पळत सुटला होता. बूच मारलेल्या पिस्तुलातून आवाज निघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? नेव्हिओ पोचला तेव्हा तो कोवळा पोलीस गुडघ्यांवर बसून दुइलिओच्या पिस्तुलाची नळी अंगठ्याने घासत होता. काळं निघालं आणि खाली लाल दिसलं. पोर रडायला लागलं. नेव्हिओला तर रडूही आलं नाही.

दुइलिओचं दफन झालं. मग कळलं की गाल्लेरानी गोळी लागतानाचा तो तुकडा सिनेमात ठेवणार आहे. नेव्हिओचं डोकं सणकलं. तो दुइलिओच्या बायकोकडे, इओलेकडे गेला. "तू नाही म्हण. तू म्हणालीस तर त्यांना कापावंच लागेल."

इओले मटार सोलत होती. "इतकी वर्षं थेटरात बसून पोरींना सांगत आले, ती पाठ बघा, ती बाबांची," ती म्हणाली. "आता तोंड दिसतंय, तर ते कापायला लावू?"

"अगं, मरतोय तो त्यात."

"सगळ्यातच मरायचा की." तिने मान वर केली नाही. "तू पॉलिश लावलंस, आता कात्रीही तूच लाव."

तो जिना उतरला.

पुढच्या आठवड्यात गाल्लेरानीने त्याला आवाज भरायच्या खोलीत बोलावलं. "त्याचे ओठ हलतायत, नेव्हिओ. काय म्हणतो कळत नाही. चार जणांचे आवाज लावून पाहिले, सगळे शिव्या घालतात, एकही बसत नाही. तुमचा दोघांचा गळा सारखाच."

"मी फक्त बघायला आलोय, उस्ताद."

फितीचं कडं करून तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत होते. दुइलिओ हसतो, दचकतो, पोटाकडे बघतो आणि डावीकडे वळतो. डावीकडे त्या दिवशी नेव्हिओ उभा होता. जीभ दातांना लागते, मग खालचा ओठ दातांखाली जातो, मग तोंडाचा चंबू होतो. तिसऱ्या फेरीला नेव्हिओने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"शिवी नाहीये ती," तो म्हणाला. "मला हाक मारतोय."

गाल्लेरानीने चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "काढून टाकू," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

काढून टाका म्हणायलाच तर तो आला होता. पण मग दुइलिओचं तोंड उभ्या जगात कुठेच उरणार नव्हतं. आणि ठेवलं, तर कुणीतरी परका त्याच्या तोंडात शिवी कोंबणार होता. नेव्हिओ उठला आणि माइकसमोर जाऊन उभा राहिला. पडद्यावर भाऊ वळला.

"नेव्हिओ," त्याने माइकमध्ये हाक मारली.

"उशीर झाला," काचेपलीकडून आवाज भरणारा म्हणाला. "परत."

भाऊ पुन्हा वळला. "नेव्हिओ."

"आता ओठांवर बसली. पण तो घाबरलाय, तुम्ही समजूत काढल्यासारखं बोलताय. तुम्हाला वाचवायला कुणीतरी यायला हवंय, असं म्हणा. परत एकदा घेऊ."

फीत फिरली. नेव्हिओने परत हाक मारली.